मला दु

सोमवार, ४ मार्च

डोकं फुटण्यापेक्षा वही भरलेली बरी, म्हणून आजपासून लिहिणार आहे. बोलून उपयोग नाही. बोलायला गेलं की समोरचा विचारतो, म्हणजे तू नेमकं करतेस काय, आणि माझा पारा चढतो. आई तर सगळ्या इमारतीत सांगत फिरते की आमची मुलगी कर्नलकडे कामाला आहे. दहादा सांगितलं, अगं, कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी प्रोग्रॅम, मिशीवाला माणूस नव्हे. ती म्हणते तेच ते, पगार वेळेवर देतो ना, मग झालं.

तर आज साहेबांनी मीटिंगमध्ये जुन्या बोलक्याचा निकाल लावला. बोलका म्हणजे आमच्या कंपनीचं यंत्र, ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यासाठी. घरी आम्ही त्याला डबाच म्हणतो. पाच मोठी बटणं आणि एक पडदा. बटणांनी अक्षरं निवडायची, ती समोरच्याला पडद्यावर दिसतात, आणि 'बोल' दाबलं की आवाज येतो. चुकलं तर 'पुसा'. जुन्या मॉडेलला मेमरी इतकी कमी की 'बोल' दाबल्यावर आवाज यायला सात-सात सेकंद लागतात. साहेबांचं म्हणणं, पाच एप्रिलपर्यंत तो सेकंदाच्या आत बोलायला लागला तर ठेवू, नाहीतर बंद. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत, सगळ्यांनी नवीन मॉडेल घ्यावं. नवीन मॉडेलला बटणं नाहीत, नुसती काच. तिच्यावर बोट हलकेच फिरवायचं.

माझ्या दादाचं बोट हलकेच फिरत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या आजारात त्याची वाचा गेली, पाय गेले, उजवा हात गेला, आणि उरलं काय, तर डाव्या हाताचं एक वाकडं बोट. त्याने तो बटणं ठोकतो. काचेवर ते घसरतं, मी नवीन मॉडेल घरी आणून बघितलंय. आणि त्याचा डबा आताच महिना-दीड महिन्याने दुरुस्तीला येतो. म्हणजे जुनं मॉडेल बंद झालं की थोड्याच दिवसांत दादा दुसऱ्यांदा मुका होणार.

आणि हा माणूस मुका होण्यातला नव्हे. दादाचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्यांचं, अजून आहे, त्याचा भागीदार चालवतो. लोक तिथे कात्रीसाठी यायचे नाहीत, दादाच्या तोंडासाठी यायचे. गिऱ्हाईक म्हणालं केस फार गळतात हो, तर हा म्हणायचा, "गळू देत की, झाडायचे वेगळे पैसे घेत नाही मी." असा हजरजबाबी माणूस आणि त्याला सात सेकंद. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या, ओळखलंस का रे मला, म्हणाल्या. दादाने भराभर बटणं ठोकली. "ओळखलं, केस काळे केले तरी," असं डबा बोलला तेव्हा काकू लिफ्टने खाली पोचल्या होत्या. दादा बंद दाराकडे बघत बसला. त्यानंतर त्याने एकही विनोद केलेला नाही. दुसऱ्या कोणाला रडू आलं असतं. मला राग येतो, माझं तसंच आहे.

मंगळवार, ५ मार्च

रोग कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणून तर जास्त चीड येते. यंत्रात जे जे काम चालू असतं त्या प्रत्येकाला प्रोसेस म्हणतात, आणि प्रत्येक प्रोसेसमागे कर्नल स्वतःकडे एक नोंद ठेवतो. ही कोण, हिला जन्म कोणी दिला, झोपली आहे की जागी, कोणाची वाट बघते आहे. आमचा कर्नल मूळचा मोठ्या यंत्रांसाठी लिहिलेला, त्यामुळे नोंदही खानदानी. इवलंसं काम करणारी प्रोसेस असली तरी तिच्यामागे हा भलामोठा पसारा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यात दादाने पहिला शब्द लिहून दुसऱ्याला हात घातला की शब्द सुचवणारा प्रोग्रॅम पुढच्या प्रत्येक संभाव्य शब्दामागे एकेक प्रोसेस उठवतो. शंभरएक होतात. त्यांच्या नोंदींनीच मेमरी भरते, मग जागा करायला कर्नल कोणाला तरी बाहेर काढतो, आणि काढतो कोणाला, तर आवाजाच्या प्रोग्रॅमला. तोच सगळ्यात जाड ना. मग 'बोल' दाबलं की आवाज पुन्हा आत आणा, मांडा, तोवर सात सेकंद गेले. तो सुचवणारा प्रोग्रॅम बदला म्हणावं तर तो बाहेरून विकत घेतलेला, हात लावायची सोय नाही. उरली नोंद. ती बारीक करायची, एवढंच माझं काम. ऐकायला किती सोपं.

संध्याकाळी हेच आईला समजावत होते तर ती मध्येच म्हणाली, म्हणजे माणसापेक्षा त्याची फाइल जाड. बरोबर आहे, पण मला वाक्य पुरं करू दिलं असतं तर मीही तेच म्हणणार होते. आमच्या घरात जो श्वास घ्यायला थांबला त्याची पाळी गेली. दादा अशाच घरात तयार झाला, मीही.

शुक्रवार, ८ मार्च

नोंदीत नुसती भोकं आहेत. एका बाइटचा, म्हणजे मेमरीतल्या एकाच घराचा, रकाना, त्याच्या शेजारी आठ बाइटचा, आणि आठवाल्याला आठाच्याच हद्दीवर बसायचा मान हवा, म्हणून मधले सात रिकामे. असं जिथे तिथे. मी मोठे रकाने एका बाजूला, चिल्लर एका बाजूला अशी नवी बैठक लावली. काहीही न काढता नोंद बरीच आवळली गेली. खुशीत यंत्र चालू केलं. काळा पडदा. जेवणानंतर काळा पडदा. घरी निघताना काळा पडदा.

घरी दादा डब्यापाशी होता. त्याच्या डब्यात अजून जुनाच कर्नल. पडद्यावर 'मला दु' एवढं उमटलं आणि वाळूचं घड्याळ फिरायला लागलं. ऐन दुसऱ्या शब्दाला, बघा. मी म्हटलं, दुखतंय का? पाठ? त्याने डोळे मिटले. बाम चोळून दिला. माझी बोटं अजून चुरचुरतायत, आणि डोळ्याला हात लागला तो वेगळाच.

सोमवार, ११ मार्च

सापडलं. कर्नलच्या अगदी तळाशी, जिथे एका प्रोसेसवरून दुसरीवर उडी मारायची असते, तिथे कोण्या महाभागाने नोंदीतला एक रकाना नावाने न बोलावता, सुरुवातीपासून इतक्या अंतरावर असा आकडा घालून गाठलाय. मी रकाने हलवले, आकडा होता तिथेच. अंधारात सवयीने पलंगावर बसायला जावं आणि कोणीतरी पलंग हलवलेला असावा, तसं झालं यंत्राचं. तो महाभाग केव्हाच नोकरी सोडून गेलाय, नाहीतर आज माझ्या हातून सुटता ना. आकडा काढला, नाव घातलं, यंत्र उठलं. सात सेकंदांचे चार झाले. चार घेऊन काय करू?

गुरुवार, १४ मार्च

आज डोकं चाललं. नोंदीत दोन मोठे खण आहेत. एकात, झोपलेल्या प्रोसेसला कोणी आणि केव्हा उठवायचं ते असतं. दुसऱ्यात मेलेल्या प्रोसेसचा हिशोब, जाताना ती काय सांगून गेली ते. तिची पालक प्रोसेस येऊन विचारेपर्यंत तो जपून ठेवावा लागतो. आता, झोपलेलं आणि मेलेलं एकाच वेळी कोणी नसतं. मग दोन खण हवेत कशाला? एकच ठेवला. झोपेल तेव्हा त्यात गजर, मरेल तेव्हा शेवटचा शब्द.

डबा सेकंदाच्या आत बोलला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा बोलला. मी निवांतबाईच्या टेबलापाशी जाऊन अक्षरशः नाचले. निवांतबाई म्हणजे आमच्याकडची तपासनीस, आम्ही लिहितो ते ती तपासते. माझ्याच वयाची आहे, पण ती एक वाक्य पुरं करेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो, म्हणून हे नाव मी ठेवलेलं. ती म्हणाली छान, पण मला एकदा... मी म्हटलं तपासायचंय, माहीत आहे, तपास, आणि पळाले.

घरी येऊन दादाच्या डब्यात नवीन कर्नल घातला. त्याने लिहायला घेतलं. 'मला दु'. घड्याळ नाही, अडकणं नाही. आई म्हणाली दूध हवंय, मी आणते. मी म्हटलं दूध कुठलं, दुखतंय त्याला. आई दूध आणायला गेली, मी बाम आणायला गेले. वळून बघते तर पडदा कोरा. अख्खं वाक्य गिळलं मेल्याने. नाचायची घाई झाली माझी.

रविवार, १७ मार्च

दादाचा भागीदार आला होता. पंधरा दिवसांनी येतो, घरीच दादाचे केस कापतो, दुकानातल्या बातम्या सांगतो. म्हणाला, गिऱ्हाइकं येतात, कापून घेतात, उठून जातात, कोणी बसत नाही आता. दादाने लगेच डब्याकडे हात नेला. आरशात मला उलटी अक्षरं दिसली, 'मला दु'. मी भागीदाराला म्हटलं, जरा हळू कापा हो, दुखतंय त्याला. बिचारा ओशाळला, दहा वेळा माफी मागितली आणि पुढचे केस इतके घाबरत कापले की डाव्या बाजूला पायऱ्या झाल्या. पडदा पुन्हा कोरा. तो निघाला तेव्हा दादाने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला समजली नाही. पायऱ्यांमुळे असेल.

मंगळवार, १९ मार्च

निवांतबाईने 'मला दु' ने सुरू होणारी वाक्यं दोन दिवस डब्यावर चालवली. मला दुसरी उशी द्या. मला दुपारी झोप येत नाही. मला दुर्बीण हवी. दुर्बीण कोणाला हवी असते देव जाणे, पण डबा सगळं धडधडीत बोलला, एकही वाक्य गिळलं नाही. म्हणजे तिच्याकडे होत नाही, माझ्याच घरी होतं.

ती म्हणाली, मला वाटतं, तुमच्या घरी... मी म्हटलं, वायरिंग, तेच म्हणते मी. तिने आपला गार चहा प्यायला.

गुरुवार, २१ मार्च

चार्जर बदलला. बोर्ड बदलला. वायरमन आणला, त्याने भिंतीवर ठकठक केली, स्टुलावर चढला, उतरला, म्हणाला, ताई, वायरिंग माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. आणि फेरीचे पैसे घेऊन गेला.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, सारखं दुखतंय म्हणतो. कुठे, विचारलं त्यांनी. म्हटलं, तिथवर तो पोचतच नाही, त्याच्या आधीच यंत्र मान टाकतं. त्यांनी त्याची नेहमीची दुखण्यावरची गोळी दुप्पट केली. दादाने दात आवळून धरले. आई चमचा घेऊन बसली आणि म्हणाली, लहानपणीसुद्धा औषध म्हटलं की असाच. शेवटी घेतली. आता दुपारभर झोपून असतो. निदान वेदना तरी होत नसतील.

सोमवार, २५ मार्च

लिहिणारी प्रोसेस मरत नाही, हे तपासलं. सकाळपासून तीच आहे, नव्याने जन्मलेली नाही. प्रोसेस जिवंत आणि तिच्या हातातलं वाक्य गायब, हे कुठलं भूत? कोणती बटणं दाबली हे डबा कुठेच साठवत नाही, माणसाचं खाजगी बोलणं म्हणून. नियम चांगला आहे. मीच मीटिंगमध्ये भांडून करून घेतलाय. आज त्याच्या नावाने बोटं मोडली.

विचार करकरून एकच उत्तर येतं, माझा तो एकच खण. कुठेतरी झोपलेल्या प्रोसेसला मेलेली समजलं जात असणार, आणि तिच्या गजरावर दुसरीचा शेवटचा शब्द लिहिला जात असणार. कुठे, ते सापडत नाही. पण दुसरं असणार काय? काढला. जिवावर आलं होतं, तरी काढला. दादाच्या डब्यातूनही काढला. पुन्हा चार सेकंद.

बुधवार, २७ मार्च

दोन दिवसांत एकही वाक्य गायब झालेलं नाही. दादाने काही लिहिलंच नाही म्हणा, झोपेतच असतो. पण नाही झालं हे खरं. म्हणजे दोष माझ्या खणातच होता.

गुरुवार, २८ मार्च

साहेबांनी गिऱ्हाइकांना पाठवायचं पत्र तयार करून ठेवलंय. 'आपल्या सोयीसाठी जुने मॉडेल बंद करीत आहोत.' मी म्हटलं, कोणाच्या सोयीसाठी? साहेब शांतपणे म्हणाले, दोन आठवड्यांपूर्वी तूच नाचत होतीस की झालं म्हणून, आता तूच काढून टाकलंस, मी कशावर विश्वास ठेवू? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे मी आवाज चढवला. उत्तर नसलं की माझा आवाज चढतो हे आता सगळ्या मजल्याला माहीत आहे.

घरी आले तर दादा जागा होता. डबा त्याच्यापुढे होता. त्याने 'मला' लिहिलं. मग 'दु'. मग बोट उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

मी ओरडले. "लिही ना पुढे. काय दुखतंय ते एकदाचं लिहून टाक ना."

आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय दुखतंय, काय दुखतंय, करत. दादाने 'पुसा' वर बोट आपटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पडदा कोरा झाला, आणि आज पहिल्यांदाच तो यंत्रामुळे नाही, माझ्यामुळे झाला. मला इतकी लाज वाटली की जेवले नाही. आजारी माणसावर ओरडायचं म्हणजे काय.

मंगळवार, २ एप्रिल

निवांतबाई माझ्या टेबलापाशी आली, खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तुझ्या त्या खणाबद्दल... मी म्हटलं, काढला गं तो, माहीत आहे, चूक होती, आता...

"तू थांब," ती म्हणाली. "मी बोलतेय."

इतक्या हळू आवाजात म्हणाली की मी खरंच थांबले. मग ती बोलली, तिच्या गतीने, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिची वाक्यं कुठेतरी संपतातसुद्धा. म्हणाली, खणात चूक नाही. मी तो दोन आठवडे सगळ्या बाजूंनी ठोकून बघितलाय, हजारो प्रोसेस मारल्या, झोपवल्या, उठवल्या, एकदाही गजरावर हिशोब लिहिला गेला नाही. तो परत घाल. आणि उद्या तुझ्या दादाला इथे घेऊन ये.

मी विचारायला तोंड उघडलं तर तिने नुसतं बोट वर केलं. एवढासा जीव, पण काय जरब.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी खण परत घातला, दादाच्या डब्यातही. दादाला कालपासून गोळी दिली नव्हती, गाडीत बसवताना डुलक्या नकोत म्हणून. भागीदार आला, आम्ही दोघांनी मिळून त्याला व्हीलचेअरसकट ऑफिसात आणला. दादाने स्वागतकक्षातल्या मुलीच्या केसांकडे असं बघितलं की मला जुना दादा आठवला.

तपासणीची खोली छोटी आहे. टेबलाच्या एका बाजूला दादा आणि डबा, समोर निवांतबाई. माझ्यासाठी मागे भिंतीला लावून खुर्ची. तिने नियम सांगितला की बघायला बसलेल्याने तोंड उघडायचं नाही, मदत करायची नाही, उठायचं नाही. मी म्हटलं, बरं. भागीदार बाहेर थांबला.

निवांतबाईने दादाला विचारलं, काय म्हणायचंय तुम्हाला? आणि हात मांडीवर ठेवून बसली.

'मला'. मग 'दु'. दादाने बोट उचललं आणि मान जमेल तेवढी वळवून माझ्याकडे बघितलं. माझा हात पर्समध्ये बामच्या बाटलीवर होता, तो केव्हा गेला ते मला कळलंसुद्धा नाही. निवांतबाई हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, दादाकडेच बघत होती. दादा तिच्याकडे वळला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं आता पडदा कोरा होणार. मग त्याने पुढचं अक्षर दाबलं, आणि त्याच्या पुढचं, आणि 'बोल'.

"मला दुकानात जायचंय."

सेकंदसुद्धा लागला नाही. आवाज इतका पटकन आला की दादाच दचकला. मग तो थांबेचना.

"केस कापायला नाही. बोलायला."

निवांतबाईने विचारलं, "मग घरी सांगितलं नाहीत का?"

"रोज सांगतो. कधी बाम मिळतो, कधी दूध."

निवांतबाई हसली. ती मोठ्याने हसू शकते हे मला माहीत नव्हतं. दार लोटून भागीदार आत आला, काय म्हणाला, काय म्हणाला, करत. मी जिन्यात जाऊन बसले. मला वाटलं राग येईल. राग नाही आला. दोन वर्षांचं एकदम रडू आलं, नाक-डोळे सगळं वाहत होतं आणि रुमाल सापडेना, पर्समध्ये हाताला येत होती ती बामचीच बाटली.

बारा दिवस त्या माणसाला नको असलेल्या गोळ्या चारल्या. दातांवर चमचा लावून चारल्या. वाक्य डब्याने कधी गिळलंच नव्हतं. आम्ही उत्तर देऊन मोकळे व्हायचो, आणि दुसऱ्याने उत्तर दिलेल्या प्रश्नाचं कोणी काय करणार? पुसून टाकणार. माझ्या खणावर उगाच आळ आला. तो खण बरोबर होता, हे इथे लिहून ठेवते, कारण साहेबांना ते लिहून मागायची सवय आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

साहेबांनी स्वतः डबा चालवून बघितला. पत्र रद्द. जुना बोलका राहणार, दुरुस्तीही होणार. वर म्हणाले, हे आधीच सांगितलं असतंस तर इतका ताण झाला नसता. मी काहीही बोलले नाही. निवांतबाई शेजारी होती, तिने बघितलं मी काहीही बोलले नाही ते.

आईने शेजारी सांगितलं की कर्नलने ऐकलं एकदाचं.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. त्यांनाही सगळं सांगावं लागलं.

रविवार, १४ एप्रिल

आज दादा दुकानात बसला. भागीदाराने दाराजवळ जागा केली, डबा एका जुन्या स्टुलावर. मी कोपऱ्यात मासिक धरून. पहिली दोन गिऱ्हाइकं नुसती बघून गेली, तिसऱ्याने दादाला नमस्कार करून घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं, उठवू याला आता. मग जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक गृहस्थ आले, डोक्यावर मोजून केसांची झालर. खुर्चीत बसताना भागीदाराला म्हणाले, घाई आहे हो, किती वेळ लागेल?

डब्यातून आवाज आला, "शोधायला लागेल. कापायला नाही."

गृहस्थ आधी डब्याकडे, मग दादाकडे बघत राहिले. मग असे हसले की भागीदाराला कात्री लांब धरावी लागली. म्हणाले, अरे, तू आहेस होय. कापून झाल्यावर तासभर बसले. दुपारी बाकावर जागा नव्हती. दोनदा दादाचं वाक्य पडद्यावर अर्धं असताना मला पुढचं माहीत होतं, शपथेवर सांगते माहीत होतं, आणि मी मासिकाचं पान चावून बसले. एकदा मला माहीत होतं ते नव्हतंच.

संध्याकाळी घरी आलो. आई बाहेरच्या खोलीत आमची वाट बघत बसली होती, दुकानात काय झालं ते ऐकायला. दादाला खिडकीपाशी ठेवला. त्याने नाक वर केलं आणि लगेच डबा ओढला.

'मला दु'.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आईने ओठ घट्ट मिटले. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. आम्ही शिकलोय आता. माझ्या घशात दुकान, दुपार, दुसरा शर्ट, सगळं येऊन थांबलं होतं, मी सगळं गिळलं. दादाने आमच्याकडे बघितलं, डोळे मोठे केले. आम्ही मान डोलावली, म्हटलं नाही काही, पण सांगायचं होतं की घे, हवा तेवढा वेळ घे. तो बिचारा बटणं ठोकत राहिला, ठोकत राहिला, आणि 'बोल'.

"मला दुधाचा वास येतोय. उतू गेलं."

आई चप्पल सोडून धावली. दादाचे खांदे गदगदा हलत होते, आवाज नाही, पण हलत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत असा हसला नव्हता. मीही हसले, मग ओरडले, मग पुन्हा हसले.

शेगडी खरवडायला बराच वेळ गेला. भांडं बहुतेक टाकावंच लागेल.